खिळा, बिजागरी आणि बोहऱ्याचें दुकान

पुण्यास शनिवारवाडा पाहावयास येणारा प्रवासी दिल्ली दरवाजासमोर क्षणभर थबकतो. हत्तीनें धडक देऊं नये म्हणून त्या दरवाजाच्या फळ्यांवर जे लांब अणकुचीदार खिळे बसविले आहेत, त्यांकडे तो बोट दाखवितो, आणि मग आंत जाऊन जळून गेलेल्या महालांचे चौथरे पाहत हिंडतो. वाड्याचें काम १७३० त सुरू झालें, १८२८ च्या आगींत आंतील लांकडी इमले नष्ट झाले, हें सर्व त्याला वाटाड्या सांगतो. ते खिळे कोणीं घडविले, त्यांचें लोखंड कोठून आलें, घडविणाराच्या पदरांत काय पडलें, हें वाटाड्या सांगत नाहीं. आणि आम्ही इतिहासाचे अध्यापकहि सांगत नाहीं. तरवारीचें लोखंड इतिहासांत शिरलें. कडीकोयंड्याचें लोखंड दाराबाहेरच राहिलें. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या लोखंडाची, आणि विशेषतः तें विकणाऱ्या दुकानदारांची, थोडीशी हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, लोखंडी सामानाचें दुकान ही आपल्याकडील फार जुनी संस्था नव्हे. कापडाचें, किराण्याचें, सराफाचें दुकान जुनें. खिळ्यांचें दुकान मात्र नवें. याचें कारण उघड आहे. गांवगाड्यांत खिळा ही बहुधा विकत घेण्याची वस्तूच नव्हती. लोहार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. नांगराचा फाळ, कुळवाची फास, विळे, कुऱ्हाडी, गाडीच्या चाकाची धाव आणि दाराची कडी हें सर्व त्याच्या भात्यापुढें तयार होई, आणि सुगी झाली म्हणजे खळ्यावर त्याला त्याचा धान्याचा वांटा मिळे. एका खिळ्याची किंमत किती, असा प्रश्न त्या व्यवस्थेंत कोणी विचारला असता तर लोहाराला व पाटलाला, दोघांनाहि, त्याचा अर्थ समजला नसता. शिवाय खिळा लागे तरी किती? जुन्या वाड्यांचे सांधे लांकडांत लांकूड अडकवून व वर लांकडी खुंटी ठोकून केलेले असत. पुष्कळ दारांना बिजागऱ्या नसत. फळीलाच वरखालीं गोल खुंट ठेवून तो चौकटीच्या व उंबऱ्याच्या खोबणींत फिरविलेला असे. अशीं दारें कोंकणांत व देशावर अद्यापहि कोठें कोठें पाहावयास मिळतात. तीं उघडतांना जी कुरकुर ऐकूं येते ती लांकडाची असते, लोखंडाची नव्हे.

लोखंडहि सर्वच दुरून येत नसे. महाबळेश्वराच्या डोंगरांत धावड नांवाचे मुसलमान लोक तेथील दगड गाळून लोखंड काढीत असत. हा धंदा त्यांच्या हातून गेला त्याचीं कारणें दोन, आणि दोन्हीं जवळजवळ एकाच वेळीं आलीं. लोखंड गाळावयास दगडापेक्षां कोळशाची अडचण अधिक. इंग्रजी अमलांत जंगलें सरकारी राखीव होऊं लागलीं, तेव्हां धावडांच्या भट्टीचें सरपण तुटलें. आणि दुसरीकडून विलायती लोखंड इतकें स्वस्त येऊं लागलें कीं, सरपण असतें तरी भट्टी पेटविण्यांत कांहीं हंशील उरलें नसतें. गांवच्या लोहारानेंहि हें नवें लोखंड आनंदानें घेतलें, कारण तें तयार सळईच्या व पट्टीच्या रूपांत येई व त्याचे श्रम वांचत. याच वाटेनें पुढें तयार खिळाहि येणार आहे, हें त्याच्या लक्षांत यावयास अवकाश होता.

अॅडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथांतील टांचण्यांच्या कारखान्याचें उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असतें. त्याच प्रकरणांत खिळ्यांचें उदाहरण आहे तें मात्र कोणी वाचीत नाहीं. हातोडा चालविण्याची संवय असलेल्या, परंतु खिळे कधीं न केलेल्या, लोहारास दिवसास दोनतीनशें खिळे करणेंहि कठीण. आणि खिळ्यांखेरीज दुसरें कांहींच न केलेलीं वीस वर्षांच्या आंतील पोरें दिवसास तेवीसशेंवर खिळे करतांना आपण पाहिलीं आहेत, असें तो म्हणतो. त्याच ग्रंथांत पुढें स्कॉटलंडांतील एका खेड्याची गोष्ट आहे. तेथें कामकरी लोक पाववाल्याकडे पैशांऐवजीं खिळेच घेऊन जात! आमचा बलुतेदार लोहार या हिशोबांत पहिल्या वर्गांत बसतो. त्याला फाळहि करावयाचा, धावहि चढवावयाची, आणि मधून वेळ मिळाला तर खिळा. तेवीसशें खिळे करणाऱ्या पोराशींच त्याची बरोबरी व्हावयाची नव्हती. मग तारेचा खिळा पाडणाऱ्या यंत्राची गोष्ट काय बोलावी?

हा यंत्राचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्याकडे पसरला. १८५३ त बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली. १८५८ त ती खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आली. १८६३ त बोरघाट ओलांडला गेला. आणि १८६९ त सुवेझचा कालवा खुला होऊन विलायतेची वाट निम्मी झाल्यासारखी झाली. जड माल घाटावर चढविण्याचा खर्च जसजसा उतरला तसतसा कुलपांचा, खिळ्यांचा, पत्र्याचा पूर आंत शिरला. कुलपें वुल्व्हरहॅम्प्टनचीं, चाकू व कानशी शेफिल्डच्या, मळसूत्री खिळे बर्मिंगहॅमचे. तारेच्या खिळ्यांत बेल्जम व जर्मनी यांनीं इंग्रजांसहि मागें सारलें. कंदील अमेरिकेंतून येत, आणि १८९२ नंतर स्वीडनच्या प्रायमस स्टोव्हनें आपल्या स्वयंपाकघरांत जो आवाज सुरू केला तो पुढें दोनतीन पिढ्या थांबला नाहीं. येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. जोसेफ चेंबरलेन हे साम्राज्यवादाचे कट्टर पुरस्कर्ते व १८९५ ते १९०३ पर्यंत वसाहतींचे मंत्री. त्यांचें सारें द्रव्य बर्मिंगहॅम येथील मळसूत्री खिळ्यांच्या कारखान्यांत मिळविलेलें होतें, आणि इंग्लंडांत होणाऱ्या अशा खिळ्यांचा मोठा भाग त्या एकट्या कारखान्यांतून बाहेर पडे. साम्राज्य हें तोफांनीं व सनदांनीं जोडलेलें होतें असें आपण शिकवितों. तें मळसूत्रानेंहि जोडलेलें होतें.

या सर्व घडामोडीचा पुरावा दप्तरांत शोधावयास जाण्यापूर्वीं तो आपल्या जिभेवरच सांपडतो. खिळा हा शब्द संस्कृत कीलापासून आलेला, म्हणजे वस्तु आपली जुनीच. कुलूप हा फारसीच्या द्वारें आलेला अरबी ‘कुफ्ल’. बिजागरी मात्र पोर्तुगीज ‘बिसाग्रा’ होय. चावी पोर्तुगीज, बालदी पोर्तुगीज, पिंपहि पोर्तुगीजच. ज्या दारांना खुंट होते त्यांना बिजागरीचें नांव कशाला लागतें? वस्तु जेव्हां गोव्याकडून व वसईकडून आली तेव्हां ती नांव घेऊनच आली. मग इंग्रजांचे बोल्ट, नट, स्क्रू आले, आणि सुताराच्या तोंडीं स्क्रूचा इस्क्रू झाला. मुंबईच्या व गुजराथच्या कारागिरांनीं स्क्रू पिळण्याच्या हत्याराला ‘डिसमिस’ असें मोठें ऐटदार नांव दिलें, आणि तें पुण्याच्या सुतारानेंहि उचललें. कागदपत्र खोटे करतां येतात, पण सुताराचा शब्द सहसा खोटें सांगत नाहीं.

आतां या मालाच्या दुकानदारांकडे वळूं. मुंबईंत क्रॉफर्ड मार्केट १८६९ त उघडलें. आज त्यास महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. तिच्या मागील नागदेवी स्ट्रीटवर व आसपासच्या गल्ल्यांत, आणि पुण्यांत रविवार पेठेंतील बोहरी आळींत, लोखंडी सामानाच्या व्यापारावर ज्या एका समाजाचा ठसा उमटला तो दाऊदी बोहरा समाज होय. हे इस्माइली शिया पंथाचे गुजराथी मुसलमान. ‘बोहरा’ हें नांवच गुजराथींतील ‘वोहरवुं’, म्हणजे देवघेव करणें, या धातूपासून निघालें असें मानतात. (जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी आपली बोहारीण निराळी, दोघांची गल्लत करूं नये.) सुरत, सिद्धपूर, कपडवंज इकडून हीं कुटुंबें मुंबईस आलीं, आणि तेथून पुणें, नगर, नाशिक असें करीत छावणीच्या व बाजारपेठेच्या गांवीं पसरलीं.

हाच समाज या धंद्यांत कां शिरला? आम्हांस असें वाटतें कीं, कापड, धान्य व सावकारी यांत वाणी, भाटिये व मारवाडी यांची गादी आधींच पक्की झालेली होती. लोखंडी सामानाचा धंदा जड, तेलकट, हजार जिनसांचा. माल वर्षानुवर्षें पडून राहावयाचा. आणि त्यांत पुन्हा आपल्या हिंदु गिऱ्हाइकाच्या मनांत लोखंडाविषयीं शनीची भीति. शनिवारीं लोखंड विकत आणूं नये, ही समजूत अजूनहि शिकल्यासवरल्या घरांतून गेलेली नाहीं. जी वस्तु आठवड्यांतील एक दिवस उंबऱ्याबाहेर ठेवावयाची, तिचें दुकान आपल्या घरांत घालावयास किती वाणी तयार झाले असते? बोहऱ्यास ही अडचण नव्हती. हा आमचा तर्क आहे, पण त्यानें गणित जुळतें.

या व्यापाऱ्यांचीं आडनांवें म्हणजे त्यांच्या फळ्यांवरील मालाची यादीच. लोखंडवाला, पत्रावाला, तालावाला, कांचवाला, तारवाला, स्क्रूवाला! आपल्याकडे गांवावरून आडनांव पडलें, हुद्यावरून पडलें. या लोकांत तें पेटींतील जिनसेवरून पडलें. आज ‘लोखंडवाला’ म्हटलें म्हणजे तरुणांच्या डोळ्यांपुढें अंधेरीची उंच इमारतींची वसाहत येते. त्या नांवांत लोखंड आहे हें ऐकूनहि कानास जाणवेनासें झालें आहे.

आमच्या लहानपणीं, १९८० च्या सुमारास, पुण्यांत अशीं जुन्या पद्धतीचीं दुकानें पुष्कळ शिल्लक होतीं. अरुंद दर्शनी भाग, आंत मात्र बोगद्याप्रमाणें लांबच लांब अंधार. दोन्ही अंगांस छतापर्यंत लांकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशीं आंत काय आहे त्याचा एकेक नग खिळ्यानें ठोकलेला. म्हणजे पाटी लिहावयास नको आणि अडाणी गिऱ्हाइकासहि बोट दाखवितां यावें. जवसाच्या तेलाचा, सरसाचा व गंजाचा मिळून एक वास येई. तसा वास दुसऱ्या कोणत्याहि दुकानास नसे. तागडीच्या एका पारड्यांत वजन, दुसऱ्यांत खिळे. खिळे इंचांवर मागावयाचे आणि वजनावर घ्यावयाचे. मळसूत्री खिळे मात्र ग्रोसावर, म्हणजे एकशें चव्वेचाळीसांच्या पेटीनें. पण कोणी चारच मागितले तर चार मिळत. दुकानाच्या तोंडाशीं सोनेरी कांठाची पांढरी टोपी घातलेले शेठजी बसलेले असत. आमचे वडील त्यांना ‘शेठ’ म्हणत, ते वडिलांना ‘मास्तर’ म्हणत, आणि दोघांची मराठी ऐकली तर शेठजींची अधिक ठसकेबाज वाटे. दार कोणत्या लांकडाचें, किती उंच, पावसाचा मारा कोणत्या बाजूनें, हें विचारल्यावांचून ते बिजागरी काढीत नसत. ‘सागाला ही चालेल, तुमच्या देवदाराला नको,’ असें म्हणून स्वस्तांतली काढून दिलेलीहि आम्हीं पाहिली आहे.

म्हणजे माल विकणें हें त्याचें अर्धेंच काम होतें. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत घडलेली वस्तु मावळांतील सुताराच्या हातांत पडली, तर ती वापरावी कशी हें सांगणारा मधें कोणी तरी हवा होता. ती विद्या कोणत्याहि शाळेंत नव्हती, मराठींत तिचें पुस्तक नव्हतें. कारखान्याचे सचित्र यादीपत्रक इंग्रजींत येई. दुकानदार तें चित्रांवरून वाची, आणि सुतार तें दुकानदाराकडून ऐकून शिके. ‘तांत्रिक शिक्षण’ हा शब्द आपण मोठमोठ्या संस्थांसाठीं राखून ठेविला आहे. पण शहरांतील निम्म्या सुतारांचें व नळकाम करणारांचें महाविद्यालय तागडीच्या अलीकडे उभें राहूनच पुरें झालें, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

उधारीची गोष्टहि येथेंच सांगितली पाहिजे. सुतार घरमालकाची यादी घेऊन येई, माल उधारीवर उचली, आणि घरमालकाकडून पैसे मिळाले म्हणजे फेडी. व्याज घेऊं नये असा दुकानदाराच्या धर्माचा दंडक. त्यामुळें खात्यांत व्याज नसे. रोखीचा भाव व उधारीचा भाव यांतील अंतरांत तें कधीं लपत असेल, तर त्यास आमची हरकत नाहीं. यांतच सुताराची ‘दस्तुरी’ असे. आणलेल्या गिऱ्हाइकीबद्दल दुकानदार त्यास रुपयामागें कांहीं देई, आणि तें शेवटीं घरमालकाच्याच खिशांतून जाई. आपल्या मध्यमवर्गीय घरांत बोहऱ्याविषयीं व सुताराविषयीं जो एक संशय पिढ्यान्पिढ्या बोलून दाखविला गेला त्याचें मूळ या दस्तुरींत आहे. तो संशय अगदींच निराधार होता असें नव्हे. परंतु बांधकाम थांबलें, घरमालकानें हात आंखडला, तेव्हां सहा सहा महिने सुताराचें घर त्या खात्यावर चाललें, ही बाजू आमच्या वाडवडिलांनीं कधीं सांगितली नाहीं.

स्वदेशीच्या चळवळींत या दुकानांचें काय झालें, हा मोठा मौजेचा प्रश्न आहे. १९०५ सालीं पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली. विलायती खिळ्याची झाली नाहीं. खिळा जळत नाहीं एवढेंच त्याचें कारण नव्हे. कापडाला हातमागाचा पर्याय होता. खिळ्याला लोहार हा पर्याय आतां उरला नव्हता. ज्या मांडवाखालीं स्वदेशीचीं व्याख्यानें झालीं त्याच्या फळ्या कोणत्या देशाच्या खिळ्यांनीं ठोकल्या होत्या, हें कोणीं पाहिलें असेल असें वाटत नाहीं. खरी लोखंडी स्वदेशी व्यासपीठावर झालीच नाहीं, ती कारखान्यांत झाली. आर्देशीर गोदरेज यांनीं पूर्वीं शस्त्रक्रियेचीं हत्यारें केलीं, तेव्हां त्यांवर ‘हिंदुस्थानांत केलेलें’ असें उमटवूं द्यावयास गिऱ्हाईक असलेली इंग्रज पेढी तयार होईना. तो धंदा सोडून त्यांनीं १८९७ त मुंबईस लालबागेंत कुलपांचा कारखाना काढला. कुलूप ही विश्वासाची वस्तु. तिच्या बाबतींत देशी मालावर लोकांचा विश्वास बसविणें हें शंभर व्याख्यानांपेक्षां अवघड काम होतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास १८८८ त सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला व १९०३ त लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमिनीस विष चढतें अशी शेतकऱ्याची समजूत, त्यामुळें आरंभीं त्या नांगरास गिऱ्हाईक मिळेना. १९१० त ते कुंडलजवळच्या माळावर गेले, आणि पुढें तो नांगर महाराष्ट्राच्या शेतांतून सर्वत्र फिरला. साकचीस टाटांच्या कारखान्यांत १९१२ त पोलाद तयार झालें.

यांत दुकानदाराचा वांटा किती, हें आमच्या चरित्रकारांनीं कधीं मोजलें नाहीं. नव्या देशी कुलपास वुल्व्हरहॅम्प्टनच्या कुलपाशेजारीं फळीवर जागा देणें, गिऱ्हाइकास तें हातांत देऊन ‘हें नेऊन पाहा’ म्हणणें, आणि बिघडल्यास परत घेणें, ही जोखीम दुकानदाराची होती. कित्येकांनीं ती घेतली नसेल. व्यापारी हा व्यापारीच. पण ज्यांनीं घेतली त्यांचीं नांवें कोठेंच नाहींत.

दुसऱ्या महायुद्धानें या धंद्याची प्रतिष्ठा घालविली. १९४१ सालच्या हुकुमानें लोखंड व पोलाद यांचें उत्पादन आणि वांटप सरकारच्या हातीं गेलें, परवान्यावांचून सळई मिळेना, आणि १९४३ त साठेबाजीविरुद्ध वटहुकूम निघाला. शांतता झाली तरी बंधनें गेलीं नाहींत. निरनिराळ्या रूपांनीं तीं जवळजवळ पन्नास वर्षें राहिलीं, आणि पोलादाचे भाव व वांटप मोकळें झालें तें १९९२ त. या मधल्या काळांत ‘लोखंडाचा व्यापारी’ हा शब्द आपल्या कथाकादंबऱ्यांत व सिनेमांत काळ्याबाजारवाल्याचा पर्याय झाला. काळाबाजार झाला, हें खरें आहे, व त्यांत पुष्कळांनीं हात धुवून घेतले हेंहि खरें. परंतु सळई व पत्रा यांचा घाऊक व्यापारी निराळा, आणि पावशेर चुका व एक कडी विकणारा आळींतला दुकानदार निराळा. लोकांनीं दोघांस एकाच मापानें मोजलें. एकाचा साठा गोदामांत होता, दुसऱ्याचा आमच्या डोळ्यांसमोर खणांत, आणि शिव्या बहुधा डोळ्यांसमोरच्यासच मिळाल्या.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर नियंत्रण आलें आणि फळीवरील गांवांचीं नांवें बदललीं. बर्मिंगहॅम गेलें, अलीगढ आलें. कुलपांत व बिजागऱ्यांत त्या शहराचा हात कोणी धरीना. पितळी सामान जामनगरचें, नटबोल्ट लुधियान्याचे, हत्यारें जालंदरचीं. दुकानदार तोच, गिऱ्हाईक तेंच, फक्त पेटीवरचा शिक्का बदलला. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं. शेर गेला, पौंड गेला, हंड्रेडवेट गेलें. परंतु या एका धंद्यांत मात्र सरकारचा पूर्ण विजय झाला नाहीं. सळईवर कारखाना मिलिमीटरचा आंकडा छापतो, आणि गवंडी आजहि ‘तीन सूत’ मागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नळ अर्धा इंचीच राहिला आहे. तारेचें गेज इंग्रजांनीं १८८४ त कायद्यानें ठरविलें, त्यांत आंकडा वाढला म्हणजे तार बारीक होते. हा उफराटा हिशोब आमच्या सुतारानें आपलासा केला, आणि इंग्रज गेल्यानंतरहि सोडला नाहीं.

यापुढील हकीकत सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १९५९ त फेव्हिकॉल बाजारांत आला, आणि चुलीवर सरस उकळविण्याचा तो घाण वास सुताराच्या कामांतून हळूहळू गेला. लोखंडी नळाची जागा प्लॅस्टिकच्या नळानें घेतली. नळाला आटे पाडणारा कारागीर त्याबरोबर गेला. मुंबईच्या लोहार चाळीच्या नांवांत लोहार राहिला, दुकानांत विजेचें सामान आलें. कर्नाक बंदरच्या पोलादाच्या व्यापाराचा भार हलका करण्यासाठीं कळंबोलीस मोठा बाजार वसविला गेला. भेंडी बाजाराच्या साडेसोळा एकरांच्या पुनर्बांधणीसाठीं बोहरा समाजाचा न्यास २००९ त स्थापन झाला. तेथील जुन्या चाळी उतरून उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांबद्दल हळहळण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. त्या चाळींत राहणाऱ्यांनीं पडक्या जिन्यावरून कां म्हणून चढावें? स्क्रू आतां पारदर्शक पुडींत वीस-पंचविसांचे येतात. चारच मिळत नाहींत. गिऱ्हाईकहि आतां घरबसल्या चित्र पाहून मागवितें, आणि तें दाराला बसेना म्हणजे जुन्या आळींत येऊन विचारतें.

आमची चिंता निराळी आहे. या दुकानांच्या पोटमाळ्यांवर वह्या आहेत. कोणत्या वाड्याला कोणत्या वर्षीं किती बिजागऱ्या गेल्या, पत्र्याचें छप्पर कोणत्या पेठेंत आधीं आलें, युद्धाच्या वर्षांत कोणतें सामान मिळेनासें झालें, कोणत्या सुताराचें खातें कोणत्या सालीं बुडीत धरलें, हें सर्व त्यांत असलें पाहिजे. शहर कसें वाढलें याचा इतका बारीक पुरावा नगरपालिकेच्या दप्तरांतहि मिळावयाचा नाहीं. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा केलीं, १९१० त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, आणि मोडी वाचणारांची एक परंपरा उभी राहिली; परंतु या वह्यांकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. एक तर व्यापाऱ्याची वही म्हणजे इतिहासाचें साधन हें आपल्यास फार उशीरा पटलें. दुसरें, त्या आपल्या लिपींत नाहींत. बोहऱ्यांची ‘लिसान-उद्-दावत’ ही भाषा गुजराथी वळणाची, अरबी शब्दांनीं भरलेली, आणि लिहावयाची अरबी लिपींत. काहींच्या वह्या साध्या गुजराथींत. मराठी संशोधकास पहिली वाचतां येत नाहीं आणि दुसरी वाचण्याचा कंटाळा येतो.

दुकानांच्या वांटण्या होतात, मुलें दुबईस किंवा ह्यूस्टनला जातात, जागा विकल्या जातात, आणि पोटमाळा रिकामा करतांना वह्या रद्दीवाल्याकडे जातात. बोहरी आळींतील एका वृद्ध दुकानदारांकडे आम्हीं गेल्या वर्षीं चौकशी केली. त्यांनीं आजोबांच्या वेळची एक वही काढून दाखविली. प्रत्येक ओळीच्या आरंभीं जिनसेचें एक लहानसें चित्र होतें: कडी, कोयंडा, आडवी बिजागरी, उभी बिजागरी, कोंबड्याच्या पायासारखी एक वस्तु. ती काय, असें विचारतां त्यांनीं चष्मा वर करून बराच वेळ पाहिलें आणि सांगितलें, ‘हें टांग्याच्या घोड्याच्या सामानांतलें. नांव माझ्या वडिलांना ठाऊक होतें.’ त्या लिपीचे वाचक शहरांत शेंकड्यांनीं आहेत. समाजाच्या मुलांस ती अजून शिकवितात. चित्रांतील वस्तु ओळखणारे मात्र सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि त्यांचीं दुकानें दुपारीं एक ते चार बंद असतात.